एकेचाळीस निरोपांची हजेरी

“मी तिथे होते हे आईपप्पांना माहीत होतं का?”

कैरवी मगदूमने विचारून टाकलं.

प्रश्न तिचाच होता, पण तो विचारायची पैज मैत्रिणींची. शाळेच्या कट्ट्यावर भडंगाचा पुडा मध्ये ठेवून मिताली म्हणाली होती, “एवढी वक्तृत्वाची ढाल घेऊन आलीस, आणि एक प्रश्न विचारता येत नाही? विचार की!” झोयाने तर सरळ आव्हानच दिलं होतं, “नाही विचारलंस ना, तर ती ढाल आम्ही दप्तराला लावून फिरणार. तुझं नाव खोडून.” मागच्या वर्षीपर्यंत कैरवी वर्गात ‘उपस्थित’ म्हणतानासुद्धा लाल व्हायची. यंदा ती जिल्ह्यात पहिली आली होती. ढालीवरचं नाव खोडलं जाणं काही परवडणारं नव्हतं.

समोर बसल्या होत्या डॉ. रेहाना सतारमेकर. कौटुंबिक न्यायालयाच्या ध्वनिपरीक्षा कक्षाच्या प्रमुख. पायात जाड लोकरी सपाता, कारण त्या कक्षात चपलांचा आवाजसुद्धा चालत नसे. भिंतींवर, छतावर, दारावर कापसासारखी मऊ टोकंच टोकं. तिथे बोललेला शब्द तोंडातून निघायचा आणि पुढ्यातच मरून पडायचा. कैरवीला स्वतःचा आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा वाटला.

“हा प्रश्न आजवर मला कुणी वकिलाने विचारला नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

“मग चुकला का?”

“नाही गं. बरोबर आहे म्हणून तर पंचाईत.”

डॉक्टरांना पंचाईत का वाटली, ते कळायला त्या काळातला कोर्टाचा कारभार समजून घ्यायला हवा.

फार पूर्वी, म्हणजे कैरवीची आजी तरुण होती तेव्हा, घटस्फोटाच्या खटल्यात लोक फोनवरचे संदेश कागदावर छापून आणत. सोबत एक प्रमाणपत्र जोडत, की हे अमुक फोनमधून काढलंय, यात फेरफार नाही. कोर्ट ते बघायचं, उलटतपासणी व्हायची, आणि पुरावा दाखल व्हायचा किंवा फेटाळला जायचा. मग यंत्रं हुशार झाली. कुणाच्याही आवाजाचा तीन सेकंदांचा तुकडा मिळाला, की त्या आवाजात हवं ते बोलून देऊ लागली. सासूच्या आवाजात शिव्या, नवऱ्याच्या आवाजात कबुली, वकिलाच्या आवाजात पाढे! शेवटी वैतागून न्यायालयांनी सांगितलं, आवाज हा पुरावाच नाही. पुढची कित्येक वर्षं खऱ्या छळाचं खरं रेकॉर्डिंगसुद्धा कचऱ्यात गेलं.

मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्या घरातली एक मुलगी तेव्हा ध्वनिशास्त्र शिकत होती. तिचे आजोबा तंबोऱ्यासाठी भोपळा निवडताना त्यावर टिचकी मारत. आतून येणाऱ्या आवाजावरून ते डोळे मिटून सांगत, साल किती जाड, आत बिया किती सुटल्यात, कुठे भेग आहे.

“मला एवढंच सुचलं,” डॉक्टर कैरवीला सांगत होत्या, “की खोली म्हणजेसुद्धा एक भोपळाच. आपण बोलतो ती टिचकी. आवाज भिंतीला लागतो, ओट्याला लागतो, डब्यांना लागतो आणि परत येतो. हजारो बारीक प्रतिध्वनी. आपल्या कानाला ते वेगळे ऐकू येत नाहीत, पण रेकॉर्डिंगमध्ये ते सगळे असतात. त्यावरून गणित उलटं मांडत गेलं की आख्खी खोली उभी राहते. त्याला आम्ही खोलीठसा म्हणतो.”

“पण यंत्राला खोटा आवाज काढता येतो, तर खोटा ठसा का नाही?”

“आवाज माणसाचा असतो, तो यंत्राने ऐकलेला असतो. तुमच्या स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या डब्यात त्या दिवशी तांदूळ किती होते, ते त्याला कुठून कळणार? आमची माणसं लाकडी हातोडी घेऊन तुमच्या घरी येऊन गेली ना?”

आली होती. दोन गंभीर गृहस्थ स्वयंपाकघराच्या प्रत्येक कोपऱ्यात टक्-टक् करत अर्धा दिवस फिरले होते. शेजारच्या काकूंना वाटलं, फरशी बदलतायत.

“त्यांनी आणलेल्या ठशाशी निरोपांतला ठसा जुळला. गेल्या सहा वर्षांतले एकेचाळीसच्या एकेचाळीस निरोप खरे आहेत. मार्चमधल्या निरोपात वर्षाचं धान्य भरलेलं दिसतं, आणि दिवाळीतल्या निरोपात एक मोठा रिकामा डबा ओट्यावर.”

“चकलीचा!” कैरवी खुदकन हसली. मग तिला आठवलं की आपण घटस्फोटाच्या कामासाठी आलोय, आणि तिने ओठ मिटले.

हे निरोप म्हणजे मगदूमांच्या घरातली एक खास रीत होती. तिचे पप्पा अभिनंदन मगदूम रक्ततपासणीची लॅब चालवायचे. आई पद्मजा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. कैरवी वर्षाची झाली तेव्हा दोघांनी ठरवलं, पोरीसमोर आवाज चढवायचा नाही. कधीच नाही. आणि त्यांनी ते पाळलं, अगदी नेमाने. भांडण आलं की एकाने स्वयंपाकघरात जायचं, दार लोटून घ्यायचं आणि फोनवर आवाजी निरोप बोलायचा. दुसऱ्याने हॉलमध्ये कानात इअरफोन घालून तो ऐकायचा, फोन खिशात टाकायचा आणि शांतपणे आत जायचं. पहिला बाहेर. आता उत्तराची पाळी. बॅडमिंटनमध्ये कोर्ट बदलतात तसं. घरात चिडीचूप. सोसायटीत सगळे म्हणायचे, मगदूमांच्या घरात कसं, टाचणी पडली तरी ऐकू येईल!

फक्त एक घोळ झाला होता. स्वयंपाकघराला लागून एक कोठीची खोली होती, आणि तिला दार नव्हतं, नुसता पडदा. तिथे गार असायचं. गुळाची ढेप असायची, शेंगदाण्याची बरणी असायची, आणि धान्याच्या पोत्याला टेकून गोष्टीचं पुस्तक वाचणारी कैरवी असायची. आईपप्पा हॉल बघायचे, बेडरूम बघायचे, गॅलरी बघायचे. कोठी कोण बघतं?

आता आईची बदली रत्नागिरीला झाली होती. दोघं वेगळे होणार, यावर दोघांचं एकमत होतं. गाडी अडली ती कैरवीवर. दोघांनाही ती हवी होती, आणि दोघांच्याही वकिलांनी समोरच्याला ती नकोय हे सिद्ध करायचा विडा उचलला होता. आईच्या बाजूने सादर झाला निरोप क्रमांक तेहेतीस. त्यात पप्पांचा आवाज: “जाणारच असशील तर कैरवीलाही ने. मला एकट्याला ती झेपायची नाही. मला नको.” पप्पांच्या बाजूने सादर झाला क्रमांक एकोणतीस. त्यात आईचा आवाज: “सगळं टाकून निघून जावंसं वाटतं. तुला, ह्या घराला... कैरवीलासुद्धा.”

दोघांनीही सांगितलं, हा आवाज माझा नाही, बनावट आहे. आणि दोघांच्याही प्रतिज्ञापत्रात एक वाक्य शब्दशः सारखं होतं, कारण ते कधीकाळी दोघांनी मिळूनच ठरवलं होतं: ‘आमच्या मतभेदांची आमच्या मुलीला कधीही कल्पना नव्हती.’

कैरवीला ती दोन्ही वाक्यं पाठ होती. कविता पाठ असते तशी, विरामांसकट.

डॉक्टरांनी भिंतीवर एक आलेख उघडला. एकेचाळीस ठिपके, डावीकडून उजवीकडे, हळूहळू चढत गेलेले.

“खोलीठशात भांडी दिसतात तशी माणसंही दिसतात,” त्या म्हणाल्या. “आपलं शरीर म्हणजे पाण्याची पखाल. ते आवाज पितं. जेवढं शरीर मोठं तेवढा आवाज जास्त गिळणार. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगला एक हजेरीपट जोडावा लागतो, खोलीत कोण कोण होतं त्याचा. तुमच्या प्रत्येक निरोपात दोन माणसं निघाली. एक बोलणारं. आणि एक हे.”

पहिल्या ठिपक्याखाली लिहिलं होतं, चोवीस किलो. मग सव्वीस. मग एकोणतीस. शेवटच्या ठिपक्याखाली...

“ई! वजन कशाला लिहिलंय?” कैरवी किंचाळली. “हे जजसाहेब बघणार?”

“वकील पण बघणार.”

“शी! दोन किलो कमी करता येणार नाही का?”

डॉक्टर एवढ्या मोठ्याने हसल्या, की त्या बहिऱ्या खोलीतसुद्धा ते घुमल्यासारखं वाटलं. पण आलेख तसाच होता. कैरवीने त्याच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. चौथीपासून दहावीपर्यंतची ती, सगळी तिथे होती. तिच्या वाढदिवसांचे फोटो इतक्या नियमाने कुणी काढले नव्हते.

“आता कायदा ऐक,” डॉक्टर म्हणाल्या. “हजर असलेलं माणूस चौदा वर्षांपुढचं असेल, तर त्याच्या सहीशिवाय हजेरीपट दाखल होत नाही. आणि हजेरीपट नाही, तर निरोपही नाही. म्हणजे तू सही केली नाहीस तर दोन्ही निरोप बाद. तुला सगळं विसरून जाता येईल. घरी जा, विचार कर.”

कैरवी उठली नाही. “माझ्या प्रश्नाचं काय?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. पुन्हा काढला.

“माहीत असणं यंत्राला दिसत नाही, बाळ. मान वळलेली दिसते. आपण स, श, च म्हणतो ना, ते टोकदार आवाज तोंडासमोर सरळ जातात, कडेला पसरत नाहीत. तोंड खिडकीकडे असेल तर ते खिडकीवरून परत येतात. मान वळली की दुसऱ्या भिंतीवरून. त्याचा एक वेगळा पट निघतो, वळणपट. तो कोणी मागितलेला नाही. मागायचा हक्क फक्त हजर असलेल्याला आहे.”

“मग मी मागते.”

“एकदा ऐकलंस की न ऐकलेलं करता येणार नाही.”

“मॅडम, मी सहा वर्षं कोठीत बसून ऐकलंय. आता काय व्हायचं राहिलंय?”

वळणपट निघायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात कैरवी चारदा पाणी प्यायली आणि मितालीला तीन संदेश लिहून तिने खोडले. मग डॉक्टर बोलल्या, अगदी सावकाश, एकेक शब्द तोलून.

“एकोणचाळीस निरोपांत मान एकदाही कोठीकडे वळलेली नाही. दोघांचीही. तेव्हा तू तिथे आहेस हे त्यांच्या लक्षात आल्याची काही खूण नाही, एवढं मी शपथेवर सांगेन. दोन निरोपांत वळली आहे. एकोणतीस आणि तेहेतीस.”

कैरवी खुर्चीच्या टोकाशी सरकली.

“म्हणजे... मला बघून म्हणाले?”

“नाही. नीट ऐक. ‘कैरवीलासुद्धा’ हा शब्द खिडकीकडे तोंड करून आहे. त्याच्यानंतर तुझ्या आईची मान वळली. पडद्याखालून पाय दिसले असतील, काहीतरी खुट्ट झालं असेल. मग ती चार सेकंद बोललीच नाही. फ्रिजची घरघर चालू होती, तेवढ्या आवाजावर आम्हाला मान वळलेली कळते, छातीची हालचालही मोजता येते. चार सेकंद तिची छाती हललेली नाही. श्वास रोखलेला. मग निरोप बंद. तुझ्या वडिलांचंही तेच. ‘मला नको’ म्हणाले, वळले, आणि सहा सेकंद श्वास नाही. सहा सेकंद फार होतात. करून बघ.”

कैरवीने करून बघितलं. खरंच फार होते.

ती दुपार तिला आठवली, तेहेतीस नंबरची. निरोप संपल्यावर पप्पा बराच वेळ तिथेच उभे होते. मग त्यांनी कढई काढली, उप्पीट केलं, आणि कोठीकडे न बघता, जरा जास्तच मोठ्याने, हॉलच्या दिशेने हाक मारली, “कैरेऽ, कुठे आहेस? खायला ये!” ती पाठीमागून आली तरी त्यांनी विचारलं नाही, कुठून आलीस. तिला तेव्हा वाटलं होतं, आपण किती शिताफीने निसटलो!

“म्हणजे त्यांना कळलं होतं,” ती म्हणाली. “आणि कळल्यावर त्यांचा श्वास अडकला.”

“हो.”

“माझ्यामुळे.”

“तुझ्यासाठी म्हण.”

कैरवीच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं, ते डॉक्टरांनी त्या खुर्चीत बसलेल्या कुणाच्याच चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. लोक तिथे रडायचे, चिडायचे. ही पोरगी उजळली होती.

“मॅडम! हे किती भारी आहे!”

“पण कैरवी, वळणपट दाखल केलास तर एक गोष्ट उघड होईल. दोघांनीही शपथेवर लिहिलंय की मुलीला कल्पना नव्हती. ते खोटं ठरेल. कोर्ट दोघांवरही रागावेल. चौकशी संपेपर्यंत तुला तिसऱ्याच कुणाकडे ठेवतील. सहा महिने, कदाचित जास्त.”

“इचलकरंजीला आत्या आहे,” कैरवी म्हणाली, लग्नाला जायचं असल्यासारखी. मग तिने हळूच विचारलं, “तो चार सेकंदांचा भाग मला परत एकदा दाखवाल?”

डॉक्टरांनी दाखवला. एक सपाट रेघ. कैरवी ती बघत राहिली. तिसऱ्यांदा मागितल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “मी हे यंत्र कोर्टासाठी केलं गं. मुलींना बघत बसायला नाही.” पण कैरवीचं लक्ष नव्हतं.

मुलीने आपला निर्णय आईवडिलांना स्वतःच्या तोंडाने सांगायचा असा नियम होता. त्यासाठी न्यायालयात समुपदेशनाची एक खोली होती, पिवळ्या भिंतींची, भिंतीवर फुलपाखरं चिकटवलेली. दुसऱ्या दिवशी आई एका टोकाला बसली होती, पप्पा दुसऱ्या. दोघांच्या मध्ये बिस्किटांची बशी. कुणी हात लावला नव्हता. कैरवीने दोन उचलली.

“तुम्हाला माहीत होतं,” ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. “मी कोठीत होते ते. आई, तुला एकोणतीसला कळलं. पप्पा, तुम्हाला तेहेतीसला.”

आईचा हात पदराशी गेला. पप्पा खुर्चीत सरळ झाले. आणि मग दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

“तुला पण?” पप्पांनी विचारलं. “पद्मजा, तुला माहीत होतं?”

“मला वाटलं मला एकटीलाच.” आई पुटपुटली. “तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, तुझ्यामुळे पोरीने ऐकलं.”

“मीही तेच... तू म्हणशील म्हणून.” पप्पांनी कपाळ चोळलं. “दोन वर्षं, पद्मजा. दोन वर्षं मी उप्पीट करताना त्या पडद्याकडे बघत नाही.”

कितीतरी महिन्यांनी ते एकमेकांशी तोंडाने बोलत होते. कैरवीला ते गोड वाटलं. तिने तिसरं बिस्किट घेतलं.

आई उठून तिच्याशेजारी येऊन बसली. “कैरू, ते वाक्य म्हणजे... माणूस थकतं गं. माझा जीव आहे तुझ्यावर. हे तुला कधी सांगावं लागलं का? तुला ठाऊक नव्हतं?”

“तू म्हणतेस ना,” कैरवी समजावणीच्या सुरात म्हणाली, “पण ते म्हणणं झालं. म्हणायला काय, ‘कैरवीलासुद्धा’ पण तूच म्हणाली होतीस. हे मोजलेलं आहे. चार सेकंद! पप्पांचे सहा आहेत, पण त्यांची छाती मोठी आहे, म्हणून तुमचं जवळजवळ सारखंच येतं. मी काल डॉक्टरांकडून हिशेब करून घेतला.”

आईने तिच्या खांद्यावर ठेवलेला हात तसाच राहिला. पप्पांना आता कळेना, कोणत्या सुरात बोललं म्हणजे ही खरं मानेल.

कैरवीने हातावरचा चुरा झटकला आणि उभी राहिली. स्पर्धेत व्यासपीठावर राहायची तशी, पाठ ताठ, हनुवटी वर. ती इतकी खुशीत होती, की तिला त्या दोघांचे चेहरे दिसलेच नाहीत.

“तर मी ठरवलंय. मी सही करणार. दोन्ही निरोप, हजेरीपट, वळणपट, सगळं दाखल होऊ दे. सहा महिने आत्याकडे राहावं लागलं तर राहीन, मला चालेल. आणि अजून एक. तिथे असताना तुम्हाला मला काही महत्त्वाचं सांगायचं असेल ना, म्हणजे आठवण येते, जीव आहे, असलं काहीही, तर भेटून तोंडी सांगू नका. रेकॉर्ड करून पाठवा. मी तपासून घेत जाईन.”